चौऱ्याऐंशीचा शिक्का

माझ्या लग्नात रुखवताच्या टेबलावर चांदीचे एक साखरेचे भांडे होते. वर हलती कडी, पोटावर कोरलेली वेलबुट्टी आणि तळाशी नखाएवढ्या चौकटीत एका बाईचे मस्तक व शेजारी ८४ हा आकडा. भांडे रशियातले. माझे वडील नेरळला शिक्षक होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत माथेरानला जाऊन ते तिथल्या बंगल्यातील एका वृद्ध पारशी बाईंना मराठी वाचायला शिकवीत. देश सोडून जाताना बाईंनी त्यांना ते दिले. वडिलांनी आयुष्यात मिळवलेली चांदी तेवढीच.

खालापूरजवळचे माझे सासर भातशेतीचे. थोरली जाऊ कर्जतच्या बाजारपेठेतली, सराफाची बहीण. तिने भरल्या मांडवात भांडे उलटे केले आणि भावाला हाक मारली.

"दादा, बघ रं, ह्यो आकडा कसला?"

"चौऱ्याऐंशी टक्के," तो म्हणाला. "सोळा भाग तांबं. आमच्याकडं असला माल मोडीत घेतात."

"म्हंजे मास्तरांनी पोरीसंगं मोड धाडली म्हणायची!"

बायका हसल्या. वडील पानाचे तबक घेऊन जवळच उभे होते. त्यांनी तबक खाली ठेवले, भांडे उचलले, धोतराच्या सोग्याने पुसले आणि माझ्या ट्रंकेत नेऊन ठेवले. न बोलण्याचा हा स्वभाव मला त्यांच्याकडूनच मिळाला.

त्या दिवसापासून घरात माझे नाव चौऱ्याऐंशी पडले. "चौऱ्याऐंशी, पाणी तापलं का गं?" मुलेसुद्धा 'चौऱ्याऐंशी काकू' म्हणत, माझ्या यजमानांना त्यात वावगे काही दिसत नसे. वडील गेल्याचा निरोप घेऊन नेरळहून माणूस आला, तेव्हाही जावेने मला त्याच नावाने हाक मारून अंगणात बोलावले. ती हाक मी विसरले नाही. विसरण्याचा प्रयत्नही केला नाही.

पुढे मी खोपोलीच्या शाळेत शिकवू लागले. कॉलेजातल्या माझ्या जुन्या बाईंच्या ओळखीने मुंबईच्या एका ग्रंथालयात मला प्रवेश मिळाला आणि सुट्टीत तिथे बसून मी चांदीवरच्या शिक्क्यांची इंग्रजी पुस्तके वाचली. ती ज्ञानाच्या ओढीने वाचली, असे म्हणणे शोभून दिसेल. पण मी ती सूड म्हणून वाचली. रशियात शुद्ध चांदीचे भाग शंभर नसत, शहाण्णव असत. चौऱ्याऐंशी म्हणजे शहाण्णवांतले चौऱ्याऐंशी. तिकडे भल्याभल्या घरांत चालणारा हा कस. आपल्या तोळ्याच्या गुंजाही शहाण्णवच. जन्मभर गुंजांनी तोलणाऱ्या सराफाला तरी ते सुचायला हवे होते. टक्क्यांत ते साडेसत्त्याऐंशी होतात; फरक निघतो साडेतीनाचा. तेवढ्यासाठी माझ्या वडिलांनी भर मांडवात खाली मान घातली होती.

बाईच्या मस्तकाचा शिक्काही मी घड्याळजीच्या भिंगातून पाहून पाहून पाठ केला. तो एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस सुरू झाला. त्याआधी शहराचे चिन्ह, पारख करणाऱ्याची आद्याक्षरे आणि साल ठोकीत. ठोकलेल्या शिक्क्याची कड धारदार असते, ओतीव नकलेत ती बोथट येते. घरी यातले मी काहीही सांगितले नाही. सांगितले असते तर "बरं बाई" म्हणून त्यांनी विषय मिटवला असता.

मग जावेच्या मुलीचे लग्न निघाले. रुखवत मांडताना खोलीत आम्ही तिघेच होतो: जाऊ, तिचा सराफ भाऊ आणि मी. चहाचा काचेचा पेला बसवायची, कडी असलेली चांदीची एक बैठक त्याने आणली होती.

"बघ गं चौऱ्याऐंशी," जाऊ म्हणाली, "तुझ्याच नावाची हाय. पण ही खरी. रशियाच्या राजाच्या येळची."

"आणि ते सोळा भाग तांबं?" मी विचारले.

भाऊ हसला. "तवा म्हाईत नवतं, वैनी. त्यांच्यात शहाण्णवाचा हिशेब. आता मुंबईचं गिऱ्हाईक हाच आकडा शोधत येतं."

"कधी कळलं तुम्हाला?"

"झाली की पाच-सात वर्सं."

म्हणजे इतकी वर्षे हा माणूस आमच्याकडे जेवून गेला, माझे ते नाव ऐकून हसत राहिला. मी पिशवीतून भिंग काढले. बाईच्या मस्तकाखाली साल होते १८८६. शिक्क्याच्या कडा बोथट, खोलगट भागात वाळूसारखे ठिपके.

"त्या साली हा शिक्का अस्तित्वातच नव्हता," मी म्हणाले. "आणि हा ठोकलेला नाही, वस्तूबरोबर ओतलाय. नक्कल आहे."

"चांदी तर हाय ना!" तो म्हणाला.

"असेल. राजाच्या वेळची नाही."

जाऊ त्याच्याकडे वळली. "माज्या पाटल्या घेतल्यास ना रं ह्याच्यापायी?"

मांडव बघतो म्हणून तो निघून गेला. वरपक्षाला त्या वस्तूचे वर्णन आधीच करून झाले होते; ती पाहायलाच त्यांच्याकडच्या बायका यायच्या होत्या.

"काढू का गं?" जावेने विचारले. माझे मत तिने तोवर कधी विचारले नव्हते.

"तुमची मर्जी, जाऊबाई. मला कुणी विचारलं तर मात्र मी खोटं सांगणार नाही."

तिने ती काढली नाही. मी खुर्ची घेऊन रुखवताशेजारी बसले, भिंग मांडीवर ठेवले. बायका आल्या. एकेक जण बैठक उचलून, उलटी करून बघे आणि उत्तर देण्याआधी जाऊ माझ्याकडे बघे. कोकमाचे सरबत तिने मला स्वतःच्या हाताने आणून दिले. एका विहीणबाईंनी मलाच विचारले, "तुम्ही शिकलेल्या. तुम्हाला कळतं का हो ह्यातलं?"

जावेच्या हातातले तबक थबकले. मी सरबताचा घोट घेतला, पुरता गिळला.

"थोडंफार," मी म्हणाले. "सांगेन नंतर सावकाशीनं."

मुलीची पाठवणी झाल्यावर जाऊ ओसरीवर आली. डोळे रडून सुजले होते.

"नंतर म्हंजे कवा सांगणार हायेस?"

"ते अजून ठरवलं नाही, जाऊबाई."

ती पाटांचा ढीग उचलून आत गेली. मी ओसरीवरच बसून राहिले. भांडी घासायला त्या दिवशी मला कोणीही हाक मारली नाही.