हेड ऑफिस, स्वयंपाकघराशेजारी

माझ्या धाकट्या दिरांनी कुपवाडला लेथ टाकला तेव्हा त्यांच्याकडे भाड्याची शेड होती, दोन कामगार होते आणि पाण्याच्या पंपांचे सुटे भाग चोख करतात असं नाव होतं. नव्हता तो फोन. नंबर लावून ठेवला होता, पण नव्वद सालानंतरची ती वर्षं अशी, की मुलीसाठी स्थळं बघायला आणि फोनचा अर्ज करायला एकाच दिवशी सुरुवात केली, तर आधी नातवाचं बारसं व्हायचं.

आमच्या सांगलीच्या घरात मात्र यांच्या नोकरीमुळे फोन आला होता. एके दिवशी भावजी पेढे घेऊन आले. हा माणूस कामाशिवाय पेढे आणत नाही, म्हणून मी बॉक्स न उघडताच विचारलं, "काय काम काढलंत?" त्यांनी खिशातून व्हिजिटिंग कार्ड काढलं. 'वर्क्स : कुपवाड', आणि त्याच्या वर ठळक अक्षरांत 'हेड ऑफिस : सांगली', पुढे आमचा पत्ता आणि आमचा नंबर. परवानगी मागायला आले होते म्हणे, कार्डं छापून झाल्यावर.

"वहिनी, फोन उचलून तुम्ही फक्त 'ऑफिस' म्हणायचं आणि निरोप घ्यायचा. तेवढं घर आहे हे कळू देऊ नका. घरातनं धंदा करतो म्हटलं की मोठी पार्टी उभी करत नाही."

तर स्वयंपाकघराच्या दाराशी एक तिपाई, त्यावर क्रोशाच्या रुमालाखाली फोन, एवढं आमचं हेड ऑफिस. पहिले काही दिवस मी 'ऑफिस' इतकं पुटपुटायची की पलीकडचा माणूस राँग नंबर समजून ठेवून द्यायचा. पुढे भीड चेपली. भावजी मशीनवर असले की 'साहेब साइटवर आहेत', जेवायला बसले असले तरी 'साहेब साइटवर आहेत'. एकदा साताऱ्याच्या एका पंपवाल्या दुकानदारांशी बोलताना कुकरची शिट्टी झाली. "ह्यो कसला आवाज वो?" त्यांनी विचारलं. "टेस्टिंग चालू आहे," मी बेधडक सांगितलं. खोटं तरी कुठे होतं? डाळ शिजली का तेच बघत होते.

निरोप कुपवाडला पोचवायची सोयही आम्ही काढली होती. भावजींचा एक कामगार रोज मोपेडवरून आमच्या घरावरून जायचा. निरोप असला की मी गॅलरीत लाल टॉवेल वाळत घालायची, तो दिसला की तो थांबायचा. एकदा आमच्या आतेसासूबाई मुक्कामाला होत्या. त्यांनी आंघोळ करून नेमका तोच टॉवेल गॅलरीत टाकला. मी बाजारात गेलेली. कामगारानं खालून ओरडून विचारलं, "काय निरोप हाय?" आतेसासूबाई म्हणाल्या, "निरोप काय, समदी खुशाल हायती म्हनून सांग." त्यानं तो जसाच्या तसा कुपवाडला नेला, आणि ही कुठली पार्टी म्हणून भावजी दिवसभर डोकं खाजवत बसले.

हळूहळू मला त्यात गोडी वाटू लागली, हे कबूलच केलं पाहिजे. नुसता निरोप घेण्यावर माझं भागेना. कुठला पंप, किती नग, कधी हवेत, सगळं विचारून घ्यायची. भावजींचा स्वभाव सगळ्यांना 'उद्या' सांगायचा. मी त्यांना धरून बसायची, "उद्या म्हणजे खरं कधी?" ते कुरकुरत खरा दिवस सांगायचे आणि मी तो पार्टीला सांगायची. माल त्या दिवशी निघाला नाही तर मी भावजींवर चिडायची. शब्द त्यांचा नव्हता, माझा होता.

साताऱ्याच्या त्या दुकानदारांनी सुरुवातीला "तितं कुनी गडीमानूस न्हाई का?" असं विचारलं होतं. वर्षभरात ते "म्याडम हायत का?" विचारायला लागले. मी त्यांना कधी पाहिलं नाही, त्यांनी मला नाही.

आणि मग कुपवाडला फोन आला. भावजी इरकली साडी घेऊन घरी आले. "वहिनी, सुटलात बघा एकदाच्या!" नवीन कार्ड दाखवलं. त्यावर सांगलीचं नावही नव्हतं. मी साडीचं कौतुक केलं, चहा टाकायला आत गेले आणि ओट्याशी उभी राहून रडले. राग आला होताच, पण त्याहून जास्त वाईट वाटलं होतं. या घरात मी कुणाची सून होते, कुणाची बायको, कुणाची आई. ऑफिस मात्र मी माझी मी होते. आता ते काढून घेतलं होतं, आणि वर मला आनंद व्हावा अशी सगळ्यांची अपेक्षा होती.

जुन्या नंबरावर फोन येत राहिले. मी प्रत्येकाला नवा नंबर सांगत गेले. शनिवारी दुपारी साताऱ्याहून फोन आला.

"ऑफिस आता कुपवाडला हलवलंय," मी म्हणाले. "नंबर लिहून घ्या."

"लिवला. मंजी तुमी बी आता तिकडंच बसनार?"

मी तिपाईवरचा क्रोशाचा रुमाल सरळ केला.

"आवं, इचारतोय अशासाठी, की सायेब मानूस लय चांगला, पर त्यांचा उद्या कवा उजाडंल सांगता येत न्हाई. तुमी न्हाई तर आमी बोलायचं कुनाशी?"

"तिथेच बसणार आहे," माझ्या तोंडून गेलं. "सोमवारपासून."

फोन ठेवला तर यांनी पेपर खाली घेतला होता. "कुठे बसणार सोमवारपासून?"

"कुपवाडला."

"त्याला माहीत आहे?"

"आता सांगते."

इतके दिवस सगळ्यांना सांगितलेला तो नंबर मी पहिल्यांदाच स्वतः फिरवला. मागे लेथची घरघर ऐकू येत होती, तिच्यावर आवाज चढवून भावजी म्हणाले, "बोला वहिनी, काही अडलंय का?"

"तिकडे एक टेबल-खुर्ची लागेल," मी म्हणाले.

"कुणाला?"

"मला."