मायाताईनं न खोडलेली नोंद

माझी मोठी बहीण माया खंडारे पोलिसात हवालदार आहे. आमचे बाबा अकोल्यात एका जिनिंगमध्ये कापसाच्या गठाणी उचलायचे. ताई भरती झाली तेव्हा आमच्या बौद्ध वस्तीतली ती पहिली खाकीवाली. बाबांनी तिला गल्लीभर फिरवून आणलं होतं.

२०१९ साली ती अमरावती जिल्ह्यातल्या एका ग्रामीण ठाण्यात होती. सोयाबीन निघायचे दिवस होते आणि शेतातल्या मोटारींची तांब्याची तार चोरीला जात होती. एका सकाळी दोन शिपायांनी डोमाजी पवारला धरून आणलं. डोमाजी पन्नाशीचा, फासेपारधी, रात्री लोकांच्या शेतात राखणीला, जागलीला जायचा. तो पारधी आहे, एवढाच त्याच्याविरुद्धचा पुरावा.

त्या दिवशी ठाण्याची डायरी ताईकडे होती. तिनं लिहिलं, ‘११.४० वाजता डोमाजी पवार यास चौकशीकामी आणले. चालत आला. अंगावर जखम नाही.’

दुपारी आतल्या खोलीतून ओरडणं ऐकू आलं. ताई दाराशी गेली. ठाणेदाराच्या हातात काठी होती.

“साहेब, बस करा.”

“तू डायरी पाह्य. या जातीले बोलतं करायची हेच रीत हाय.”

दार लागलं. ताई बाहेर उभीच राहिली. “दहा मिन्टं मी नुसती उभी होती, नीलम,” असं ती मला अजून सांगते.

साहेब बंदोबस्ताला निघून गेल्यावर तिनं डोमाजीला बाहेर काढलं. उजवं मनगट सुजून टम्म झालेलं, बोटं हलत नव्हती. तिनं मनगटाच्या जखमेची दुसरी नोंद केली, तपासणीसाठी डॉक्टरांच्या नावे मेडिकल यादी लिहिली आणि त्याला सरकारी दवाखान्यात पाठवलं. त्याची बायको भागीरथा सकाळपासून फाटकाबाहेर बसून होती. तिलाही गाडीत बसवलं. एक्स-रेत दोन हाडं मोडलेली निघाली.

संध्याकाळी ठाणेदार परतला आणि डायरी पाहून भडकला.

“सकाळची नोंद खोड. तो आपल्याकडं आलाच नाही. रस्त्यात पडला असन.”

“नोंदीले नंबर हाय, साहेब, खोडली तं दिसन. अन् नसता तरी मी खोडली नसती.”

“तुमच्या लोकाईले आजकाल लय कायदा समजून राहिला.”

“हो साहेब. समजला म्हणूनच भरती झाली.”

आठवड्यात तिची मुख्यालयात बदली झाली. वर कामात कसूर केल्याची नोटीस. जेवायला कोणी शेजारी बसेना. आमची आई, केशरबाई, घाबरली. “साहेबासंग वाकडं काहून घेतलं तू?” ताईनं तिला डोमाजीच्या हाताचं सगळं सांगितलं. आईनं तिचं ताट वाढलं. मग म्हणाली, “मंग बराबर केलं.”

महिन्याभरानं चोरीची तार एका मोटार-दुरुस्तीच्या दुकानात सापडली. डोमाजीचा तिच्याशी काडीचाही संबंध नव्हता. भागीरथानं केलेली तक्रार मात्र कोर्टात उभी राहायला चार वर्षं लागली.

ताईची साक्ष अमरावतीत झाली. ती गणवेशात गेली. ठाणेदाराच्या वकिलानं विचारलं, “तुम्ही बौद्ध, तो पारधी. जातीच्या रागातून तुम्ही साहेबांना अडकवलं, खरं ना?”

ताई शांतपणे म्हणाली, “वकीलसाहेब, डायरीत माझी जात लिहिलेली नाही. वेळ लिहिलेली आहे.”

मी मागच्या बाकावर होते. शेजारच्या अनोळखी बाईला मी दोनदा सांगितलं, “ते माही बहीण हाय.”

ठाणेदाराला दोन वर्षांची शिक्षा झाली. नागपूरला त्याचं अपील चालू आहे. डोमाजीचा हात काही सरळ झाला नाही, कुऱ्हाड धरवत नाही. निकालाच्या दिवशी भागीरथा ताईला म्हणाली, “खाकी दिसली का आमी पळतो, बाई. तुह्यासाठी उभी राह्यली.”

ताई आता परतवाड्याला आहे. बढती तिच्या मागून भरती झालेल्यांना मिळाली, तिची अजून अडकलेली आहे. पण दर्यापूरकडच्या पारधी बेड्यावरच्या, म्हणजे वस्तीवरच्या, बायका जीप बदलत तिच्याकडे येतात. आपल्या गावच्या ठाण्यात एकटं जायची त्यांना भीती वाटते. ती हद्द ताईची नाही. म्हणून ती साप्ताहिक सुटीच्या दिवशी साडी नेसून त्यांच्याबरोबर जाते, आणि तक्रार लिहून होईपर्यंत तिथल्या बाकावर बसून राहते.