गंजासुराच्या रिकाम्या जागा

‘ठिणग्या’ या कार्टून मालिकेचा तो भाग साफ फसला, यात दुमत नाही. पोरांनी नाकं मुरडली आणि ते बरोबरच होतं. गंजासुराशी शेवटची लढाई होणार म्हणून आठवडाभर ढोल बडवले आणि दाखवलं काय, तर मालिकेचा नायक ठिणग्या पुलाच्या कठड्यावर बसून जुन्या लढाया आठवतोय. वीस मिनिटांतली पंधरा मिनिटं जुनी. कंपनीला हात आखडता घ्यायचा असला की असे भाग निघतात. धंद्यातली माणसं त्याला उजळणी म्हणतात आणि म्हणताना तोंड वाकडं करतात.

या भागाची मनापासून वाट बघणारं एकच माणूस होतं आणि ते बासष्ट वर्षांचं होतं.

ती म्हणजे ठिणग्याचा आवाज. दहा वर्षांच्या पोराचा आवाज बहुतेकदा बाईच काढते, कारण खऱ्या पोरांचे आवाज ऐन रंगात आल्यावर फुटतात. गेली एकोणीस वर्षं ती माइकसमोर उभी राहून गच्च्यांवरून उड्या मारत होती. एरवी स्टुडिओचा जिना चढताना दोनदा थांबायची. तिथे तिचं नावच ‘पोरगं’ पडलं होतं. “पोरगं आलं का? त्याला आधी चहा द्या,” असं सगळे म्हणत आणि तिलाही ते आवडायचं.

आणि गंजासुर म्हणजे तिचा नवरा. हात लावेल ते गंजवून टाकणारा तो राक्षस बोलायला लागला की शेजारची लहान मुलं उशीत तोंड खुपसायची. घरी मात्र माणूस इतका मवाळ की भाजीवाल्याशी घासाघीसही त्याला जमत नसे. दोघं एकाच डब्यातून जेवत आणि जेवण झालं की माइकवर एकमेकांच्या जिवावर उठत. नऊ वर्षांपूर्वी तो गेला. महिन्याभरात गंजासुराला नवा आवाज मिळाला.

नवऱ्याचा आवाज तिने जपून ठेवला नव्हता. घरात अष्टौप्रहर बोलणाऱ्या माणसाचा आवाज कोण भरून ठेवतं? दोन कॅसेटी होत्या, त्यांना बुरशी लागली. जुने भाग चॅनेलने कधीच बंद केले होते. चेहरा भिंतीवरच्या फोटोत होता, पण आवाज तिच्या कानातून निसटत चालला होता. हल्ली आठवायला बसली की नव्या नटाचाच आवाज पुढे यायचा. तो बिचारा भला माणूस होता, तरी तिला त्याचा मनस्वी राग यायचा.

म्हणून उजळणी पहिल्या वर्षाच्या भागांची आहे, असं कळलं तेव्हा तिच्या जिवात जीव आला. जुनी दृश्यं म्हणजे जुने आवाज. एकदा, फक्त एकदा तो ऐकायला मिळावा, एवढंच तिचं मागणं होतं. त्या दिवशी ती ठेवणीतले कपडे घालून तासभर आधीच स्टुडिओत पोचली.

रेकॉर्डिस्ट चाळिशीतली, हाताची चपळ बाई होती. तिने पुलावरची लढाई लावली. ठिणग्या ओरडला, “तू माझं घर गंजवलंस!” आवाज तिचाच, एकोणीस वर्षांनी तरुण. मग पडद्यावर गंजासुराने जबडा उघडला. जबडा हलत राहिला आणि हेडफोनमध्ये काहीच आलं नाही.

“वायर सुटली का गं?”

“नाही मावशी, त्यांच्या आवाजाचा ट्रॅकच नाहीये. जुनी कंपनी बंद झाली तेव्हा निम्म्या फायली गेल्या. तुमचा तेवढा सापडला. नवे गंजासुर दुपारी येतायत, ते जागा भरतील.”

ती मटकन स्टुलावर बसली. मेला राक्षस, जाताना आवाजसुद्धा घेऊन गेला, असं तिच्या मनात आलं आणि डोळे भरून आले. तरी काम होतं. ठिणग्याची चार नवी वाक्यं तिने म्हटली, दोनदा चुकली आणि मग सहज विचारलं, “माझ्या वाक्यांच्या मधल्या जागा इतक्या कोऱ्या कशा? खोलीची हवा तरी ऐकू यायला हवी.”

“मी साफ केल्या ना. मागे कोणीतरी कुजबुजत होतं.”

तिला आठवलं. पहिल्या वर्षी रिकाम्या खोलीत तिला संताप आणता येत नसे. मग नवरा स्वतःचं काम नसतानाही यायचा आणि दाराशी उभा राहून गंजासुराची वाक्यं हळू आवाजात तिला द्यायचा.

“साफ करायच्या आधीचं आहे का?”

“आहे. पण खराब आहे हो.”

“असू दे. लाव.”

“तू माझं घर गंजवलंस!” मग खरखर आणि लांबून, अगदी दबक्या आवाजात, किराण्याची यादी वाचून दाखवावी तसं, “घाबरलास का पोरा.” तोच होता. तिने दोन्ही हातांनी हेडफोन कानांवर दाबून धरले.

“थांब,” तो म्हणाला. हे गंजासुराचं वाक्य नव्हतं. “घसा बसलाय तुझा. पाणी पी आधी.”

आणि लगेच तिचाच तरुण, करकरीत आवाज आला, “अहो, तुम्ही मध्ये बोलू नका ना. सगळी लय जाते माझी.”

पुढे ठिणग्या ओरडत राहिला. मधल्या जागांत एकदा कागद हलला. नंतर तेवढंही नाही.

ती रेकॉर्डिस्टकडे वळली. मग म्हणाली, “ते माझं वाक्य कापता येईल का गं? मध्ये बोलू नका, तेवढंच.”

“येईल की.” रेकॉर्डिस्टने ते कापलं, टोकं जुळवली आणि पुन्हा लावलं. पाणी पी आधी, असं तो म्हणाला आणि थांबला.

“पुढे?” तिने विचारलं. “पुढे लाव ना.”

“पुढे लावलंय मावशी,” रेकॉर्डिस्ट हळूच म्हणाली. “त्यानंतर ते बोललेच नाहीयेत.”