मरियाला वास आला होता

नगरजवळच्या भिंगारच्या बाजारात प्रभुदासचं शेगड्या दुरुस्तीचं दुकान तीस वर्षं चाललं ते त्याच्या नाकावर. बर्नर साफ करणारे पुष्कळ होते, पण गॅस कुठून गळतोय ते उंबऱ्यावरून सांगणारा हा एकच. एकदा रस्त्यानं जाता जाता तो रंगुबाईच्या घरात न विचारता शिरला, ओट्याखालची गॅसची चावी बंद केली, खिडक्या उघडल्या आणि मगच तिला रामराम घातला. रंगुबाई ही गोष्ट पुढं गावभर सांगत राहिली. बायका नवी शेगडी घेतली की आधी प्रभुदासला हुंगायला बोलवायच्या.

मोठ्या साथीच्या दुसऱ्या वर्षी त्याला ताप आला. बारा दिवसांनी ताप उतरला, पण वास गेला तो गेलाच. डॉक्टर म्हणाले, येईल दोन-तीन महिन्यांत. सहा महिने झाले, वर्ष झालं. सकाळी उठून तो गुपचूप रॉकेलची बाटली नाकाशी धरायचा. पाणी हुंगावं तसं लागायचं.

त्यानं हे कुणाला सांगितलं नाही. गिऱ्हाइकांना सांगितलं नाही ते समजण्यासारखं आहे. पण बायकोला, मरियालाही सांगितलं नाही. अठ्ठावीस वर्षांच्या संसारात तिच्यापासून लपवलेली ही त्याची पहिलीच गोष्ट. तिनं सुकट भाजली तरी हा स्वयंपाकघरात डोकावला नाही, तेव्हा तिनं विचारलं होतं. तो म्हणाला, दमलोय. दुकानात त्यानं साबणाचं पाणी वापरायला सुरुवात केली. जोडावर फेस लावायचा, बुडबुडे आले की गळती. लोकांना सांगायचा, आता असाच नियम निघालाय.

मुलगी एंजल पुण्याला नर्स म्हणून लागली, आणि दुकानातलं काम कमी होत गेलं. त्याच सुमारास आबासाहेबांनी निरोप धाडला. भंडारदऱ्याला धरणाच्या काठी त्यांचे चाळीस तंबू होते. शनिवार-रविवारी पुण्या-मुंबईची माणसं यायची. स्वयंपाकाला बाई हवी होती आणि गॅस सांभाळायला माणूस. नवरा-बायको दोघंही जाऊ लागले.

प्रभुदासनं तिथं शिस्त लावली. सिलिंडर उभेच ठेवायचे, सावलीत, शेकोटीपासून लांब. बदलायचे ते उघड्यावर, आणि फेस लावून बघितल्याशिवाय काडी ओढायची नाही. पाहुणे डब्याच्या गॅसच्या छोट्या शेगड्या घेऊन यायचे, त्यांना तो तंबूतंबूशी जाऊन सांगायचा. आत पेटवू नका, थंडी वाजली तरी नका. बंद तंबूत शेगडीनं हवा विषारी होते आणि झोपलेला माणूस उठत नाही. पोरं हसायची. आबासाहेब म्हणायचे, "प्रभुदास, तुमच्या प्रवचनानं पाव्हणे पळून जातील."

जानेवारीतला एक रविवार. उजाडलं होतं, पण पाण्यावरून वारा असा येत होता की बोटं वळेनात. स्वयंपाकाच्या मांडवाला मरियानं चारी बाजूंनी ताडपत्र्या सोडल्या होत्या. बस आठला निघणार होती आणि पन्नास माणसं चहासाठी खोळंबली होती. तेवढ्यात सिलिंडर संपला.

प्रभुदास भरलेला छोटा सिलिंडर उचलून बाहेर निघाला, तर आबासाहेब वाटेत उभे.

"कुठं निघालात? हितंच लावा. लोक वरडायलेत."

प्रभुदासनं सिलिंडर तिथंच जोडला. साबणाचं पाणी कुणीतरी भांड्यांना वापरून टाकलं होतं. जरा थांबा, फेस करतो, असं प्रभुदास म्हणाला.

"फेस कशाला? तुमचं नाक हाय ना? घ्या वास, अन् व्हा मोकळं."

त्या क्षणी त्याला बोलता आलं असतं. चार शब्दांचं काम होतं. पण आबासाहेब बघत होते, मागं दोन पाहुणे हातात कप घेऊन उभे होते, आणि तीस वर्षांचं नाव होतं. प्रभुदास वाकला. रेग्युलेटरपाशी नाक नेलं. दोनदा श्वास घेतला.

"काही नाही," तो म्हणाला.

आबासाहेब गेले. दुधाचं पातेलं घेऊन आलेली मरिया क्षणभर थबकली.

"अहो, वास येतोय का थोडा?"

"मी बघितलं ना आत्ता. रिकाम्या टाकीचा असंल."

तिनं मान डोलावली. त्याच्या नाकापुढं आपलं नाक ती कधी खरं धरतच नव्हती. प्रभुदास रिकामा सिलिंडर ठेवायला बाहेर पडला. वीस पावलं गेला असेल. सिलिंडरच्या तोंडातली रबरी रिंग तुटकी होती, हे नंतर प्रभुदासला एकट्यालाच कळलं, बाकी कुणी तपासलं नाही. गॅस जड, तो वर जात नाही. ताडपत्रीच्या आत तो तिच्या पावलांशी साचत होता. तिनं लायटर दाबला.

आवाज फार मोठा झाला नाही. ताडपत्री फुग्यासारखी फुगली आणि बसली. प्रभुदास आत धावला तेव्हा आग जमिनीवरून तिच्या साडीवर चढून स्वेटरपर्यंत पोचली होती. त्यानं सतरंजी टाकून तिला लोळवलं. त्याचे दोन्ही हात कोपरापर्यंत भाजले.

नाशिकच्या दवाखान्यात मरिया नऊ दिवस होती. तिसऱ्या दिवशी पोलीस जबाब घ्यायला आले. त्याआधी तिनं प्रभुदासला जवळ बोलावलं. ओठ सुजले होते, शब्द सुटे सुटे येत होते.

"मला वास आला होता," ती म्हणाली. "पण तुमी न्हाई म्हणालात, म्हंजी तवा नव्हताच. नंतर मीच दुधाच्या गडबडीत शेगडीची चावी फिरवून ठेवली असंल."

प्रभुदासनं पाण्याचा पेला जवळ ओढला.

"मीच ठेवली असंल ना?" तिनं पुन्हा विचारलं.

पट्ट्यांतून उघड्या राहिलेल्या बोटांनी त्यानं चमचा धरला आणि तिच्या तोंडात पाणी सोडलं.

तिनं पोलिसांना तसंच सांगितलं. चूक माझी, मालकांचा दोष नाही, नवऱ्याचा नाही. आबासाहेब दाराबाहेर उभे होते. त्यांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि दुसऱ्या दिवशी सफरचंदं पाठवली. नवव्या दिवशी पहाटे मरिया गेली.

भिंगारला मातीला सगळी वस्ती आली. पाळकसाहेब तिच्या सेवेबद्दल बोलले. शेजारचा भीमा प्रभुदासच्या पाठीवर हात ठेवून म्हणाला, "तुझ्या नाकाला कळलं न्हाई, म्हंजी टाकी गळत नव्हतीच रं. तिचीच वेळ भरली हुती." सगळ्यांनी माना हलवल्या. प्रभुदासनंही हलवली.

एंजल दोन आठवडे राहिली. तिला ते पटत नव्हतं. भाकरी थापता थापता ती सारखी तेच बोलायची. आई दाराला कुलूप लावून तीनदा ओढून बघायची, ती गॅसची चावी उघडी ठेवेल? जळिताचे रोगी तिनंही पाहिले होते, पण स्वतःच्या चुकीनं मेलेली आई तिच्या घशाखाली उतरत नव्हती.

जायच्या आदल्या दिवशी प्रभुदासनं तिला सांगितलं. ताप आला तिथपासून सगळं. हातांवरच्या पट्ट्यांकडं बघत सांगितलं.

एंजलनं बॅग भरायची थांबवली. मग तिनं एवढंच विचारलं, "हे तिला सांगितलंत?"

"न्हाई."

"नऊ दिवस होते, पप्पा."

ती उठली. आईचं बायबल आणि फोटो बॅगेत ठेवला आणि दुपारच्याच गाडीनं निघून गेली.

प्रभुदास त्यानंतर भंडारदऱ्याकडच्या पोलीस ठाण्यात गेला. मला वास येत नाही, मी खोटं बोललो, असं त्यानं हवालदाराला सांगितलं. हवालदारानं ऐकून घेतलं, चहा पाजला आणि म्हणाला, बाबा, बाईचा जबाब झालाय, कागद मिटलाय, घरी जा. आबासाहेबांच्या कॅम्पवर दुसरी बाई लागली होती. ताडपत्र्या नव्या होत्या.

दुकान त्यानं बंद केलं. नागापूरला एका कारखान्याच्या फाटकावर राखणदार म्हणून बसू लागला.

दोन वर्षांनी भीमाच्या घरी एंजलच्या लग्नाची पत्रिका आली. प्रभुदासला आली नाही. त्यानं भीमाची मागून घेतली आणि वाचली. दिवंगत मरिया यांची कन्या, एवढंच होतं. लग्नाच्या दिवशी इस्त्रीचा सदरा घालून, भाजलेले हात झाकतील अशा बाह्या खाली ओढून तो पुण्याला गेला. चर्चमध्ये सगळ्यात मागच्या बाकावर बसला. गीतं झाली, वचनं झाली. मग नवरा-नवरी हातात हात घालून मधल्या वाटेनं दाराकडं निघाले. एंजल त्याच्या बाकापाशी आली तेव्हा तो उभा राहिला.

तिनं त्याच्याकडं पाहिलं. ओळखलं. आणि शेजारच्या बाईला हसून नमस्कार करत ती पुढं गेली.

बाहेर जेवणाच्या पंगती बसत होत्या. प्रभुदास फाटकातून रस्त्यावर आला आणि नगरच्या गाडीची वाट बघत उभा राहिला.