नवजात कक्षाचा नळ

मेहरूणच्या तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यालगत राहणाऱ्या मुख्तारभाईंना नळ डोळ्यांनी तपासावा लागत नसे. तो त्यांना ऐकू येई. वायसर झिजला की नळ कण्हतो, लाईनीत हवा अडकली की खोकतो आणि टाकी तळाला गेली की उसासे टाकतो, असे ते सांगत. जळगावातल्या कितीतरी गल्ल्यांमधल्या नळांना त्यांचा पाना लागलेला होता. माणूस मितभाषी, व्यवहाराला चोख. ज्याच्या घरी काम केले त्याच्या घरची ओली फरशी पुसल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, ही त्यांची रीत.

असा हा सतत कामात असणारा माणूस एका मे महिन्यात शहरातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या बाकावर हात बांधून बसला होता. त्यांचा मुलगा फैज याची बायको दिवस भरण्याच्या बरीच आधी बाळंत झाली होती. मुलगी झाली होती, ओंजळीत मावेल एवढी. आई तापाने दुसऱ्या कक्षात आणि मूल नवजात कक्षातल्या काचेच्या पेटीत. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते की श्वास सुधारतो आहे, वजनही वाढेल. भीती आहे ती जंतुसंसर्गाची. एवढ्याशा जिवाला तो सोसत नाही, आणि तो बहुतेक वेळा माणसांच्या हातांवरूनच येतो.

नवजात कक्षाची जबाबदारी प्रज्ञा सिस्टरांकडे होती. त्या मूळच्या जामनेर तालुक्यातल्या पहूरच्या. मजुरी करणाऱ्या आईवडिलांनी शिकवलेल्या, बोलायला मऊ आणि नियमाला कठोर. कोपरापर्यंत हात धुतल्याखेरीज त्यांच्या कक्षात डॉक्टरलाही प्रवेश नव्हता. पहिल्याच सकाळी त्यांनी मुख्तारभाईंना दारातल्या बेसिनपाशी थांबवले. मुख्तारभाईंनी हात धुतले. सिस्टरांनी पुन्हा धुवायला सांगितले. तेव्हा ते काहीसे दुखावून म्हणाले की लहानपणापासून रोज पाच वेळा नमाजाआधी वजू करणारा माणूस आहे मी, हात धुणे मला नवे नाही.

सिस्टर हसल्या नाहीत. “चाचा, ते धुणं तुमच्या इबादतीसाठी, त्यात मी कोण बोलणार? हे तुमच्या नातीसाठी. पाणी मळ वाहून नेतं, पण त्याला सोडवतं ते चोळणं. अंगठा बघा तुमचा, कोरडाच राहिला. सगळ्यांचाच राहतो.”

मग त्यांनी स्वतः करून दाखवले. कोपराने नळ उघडून हात ओले करायचे आणि नळ बंद करायचा. साबण घेऊन तळवे, हातांची पाठ, बोटांच्या बेचक्या, अंगठे, नखे असे सावकाश चोळायचे आणि त्यानंतरच नळ पुन्हा उघडायचा. मुख्तारभाईंनी तसे केले. मग काचेच्या पेटीच्या गोल झरोक्यातून त्यांनी एक बोट आत नेले, आणि नातीने ते मुठीत धरले.

बाकावर बसल्या बसल्या त्यांचे कान मात्र आपले काम करू लागले. भिंतीपलीकडे तो नळ होता. कोणी आत जाताना हात नीट धुतले, तर नळ दोनदा वाजे आणि त्या दोन आवाजांच्या मध्ये चांगली लांब शांतता असे. ती शांतता म्हणजेच चोळणे. सकाळी ती ऐकू येई. ऊन चढत गेले की ती आखडत जाई, आणि दुपारी तर नळ एकदाच ‘चुर्र’ करून गप्प बसे. मुख्तारभाईंना वाटले, माणसे कंटाळत असतील. एका दुपारी त्यांची स्वतःची पाळी आली तेव्हा उलगडा झाला. नळाखाली हात धरला आणि चटका बसून मागे घेतला. गच्चीवरची काळी टाकी, पश्चिमेच्या भिंतीवरून उघडा उतरलेला पाइप, आणि वर खानदेशचा मे. डॉक्टर, परिचारिका, नातेवाईक, सगळेच बोटांची टोके भिजवून आत जात होते. भिंतीवर हातांना लावायच्या औषधाची बाटली होती. पण घामाने आणि दुधाने चिकटलेल्या हातांना आधी साबण-पाणीच लागते, हे सिस्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितले होते.

त्याच आठवड्यात शेजारच्या पेटीतल्या बाळाला संसर्ग झाला आणि त्याला वेगळ्या खोलीत हलवले. तो कोणत्या हातावरून आला, हे कोणी सांगू शकत नव्हते. मुख्तारभाई आपल्याच हातांकडे पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी जे केले, ते खानदेशातल्या कोणत्याही भल्या माणसाने केले असते. त्यांच्या दारात एक मोठा रांजण होता. त्यांची बीबी सितारा उन्हाळाभर तो भरून ठेवी, आणि रस्त्याने येणारा जाणारा त्यातले गार पाणी पिऊन दुवा देई. मुख्तारभाईंनी त्याला पितळी तोटी बसवली, सिताराने तो आतबाहेर घासून दिला, आणि त्यांचा जुना सोबती नथ्थू याने लोटगाडीवरून तो रुग्णालयात आणला. आत शिरताना नथ्थूने गच्चीवरच्या टाकीकडे पाहून अहिराणीत शेरा मारला, “भाऊ, हाई पानी नही शे, बिनसाखरना चहा शे.”

प्रज्ञा सिस्टर रांजणापाशी आल्या. त्यांनी त्याच्या ओल्या गार पाठीवरून हात फिरवला. त्यांच्या पहूरच्या घरीही असाच रांजण होता.

“चाचा, हा मी आत घेऊ शकत नाही.”

मुख्तारभाईंचा चेहरा उतरला. घरचा आहे, स्वच्छ आहे, बीबीने स्वतः घासला आहे, असे ते सांगू लागले. सिस्टरांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले. मग समजावले की रांजण पाणी गार करतो तो पाझरून, आणि ज्या छिद्रांतून तो पाझरतो त्यांत घर करणारे जंतू कितीही घासले तरी निघत नाहीत. मोठ्या माणसाच्या पोटाला ते पाणी अमृत. पण रांजणात साचलेल्या पाण्याने धुतलेले हात या पेट्यांपर्यंत नेता येणार नाहीत. स्वतः केलेला नियम प्रेमाच्या माणसांसाठी वाकवायचा, हे त्यांना जमणारे नव्हते. मात्र त्या तिथेच थांबल्या नाहीत. त्या म्हणाल्या, “दिवसभर न तापणारं पाणी या इमारतीत कुठे आहे, ते तुम्हीच शोधा. मी परवानगी आणते.”

दुखावलेला माणूस एरवी निघून गेला असता. मुख्तारभाई गेले नाहीत, कारण पेटीतली मूठ त्यांना आठवत होती. ते आणि नथ्थू इमारतीभोवती फिरले. तळघराशेजारी जमिनीखालचा हौद होता. महापालिकेचे पाणी आधी त्यात येई, तिथे त्यात जंतू मारणारे औषध पडे, आणि मग ते पंपाने गच्चीवर चढे. हौदाचे पाणी भर दुपारीही गार होते. तिथून छोट्या पंपाने, सावलीतल्या जिन्याच्या भिंतीवरून, थेट कक्षाच्या बेसिनपर्यंत लाईन आणता येत होती.

व्यवस्थापक सुकदेवभाऊ यांचे मत होते की पाऊस तोंडावर आला आहे, तेवढे थांबावे. सिस्टरांनी वाद घातला नाही. त्यांनी भर दुपारी त्यांना बेसिनपाशी नेले आणि रीतसर हात धुऊन कक्ष पाहण्याची विनंती केली. सुकदेवभाऊंनी नळ उघडला, हात मागे घेतला, आणि तिथेच उभ्या उभ्या होकार दिला. बाहेर येऊन त्यांनी प्रांजळपणे मान्य केले की आपण सकाळीच फेरी मारत असल्याने हे कधी लक्षात आले नव्हते.

लाईन दुसऱ्या दिवशी पुरी झाली. सिस्टर शेजारी उभ्या राहून सांगत गेल्या, आणि मुख्तारभाईंनी नळाचा दांडा कोपराला सहज लागेल अशा उंचीवर बसवला. शेवटी जिन्यातला सगळा चुरा झाडून फरशी पुसली आणि ते बाकावर येऊन बसले. दुपारचे डॉक्टर आले. नळ वाजला, थांबला. मग काहीच ऐकू येईना. नथ्थूने काळजीने विचारले की पानी बंद पडनं का? मुख्तारभाईंनी त्याला बोटाने गप्प केले. बऱ्याच वेळाने नळ पुन्हा वाजला, आणि मुख्तारभाईंनी डोळे मिटून घेतले.

शेजारच्या पेटीतले बाळ हळूहळू बरे झाले. सून तोवर तापातून उठली होती, आणि पाऊस सुरू झाल्यावर मुख्तारभाईंची नातही घरी जाण्याजोगी झाली. तिचे नाव महेक ठेवले. निघताना सितारा सिस्टरांचे हात धरू गेली आणि मध्येच थांबली. आधी बेसिनपाशी जाऊन आपले हात धुऊन आली. सिस्टरांचे हात दिवसभराच्या धुण्याने खरखरीत झाले होते. सिताराने ते दोन्ही हात आपल्या डोळ्यांना लावले. मुख्तारभाईंना बोलायचे बरेच होते, पण ते एवढेच म्हणाले, “ताई, त्या दिवशी तुम्ही रांजण परत पाठवला, ते बरं केलं.”

“परत कुठे पाठवला?” सिस्टर म्हणाल्या. “नथ्थूभाऊंना सांगून मागच्या फाटकाशी ठेवून घेतला. बघा.”

मागच्या फाटकाशी कडुलिंबाच्या सावलीत रांजण उभा होता आणि लांबच्या गावाहून आलेले एक म्हातारे गृहस्थ त्याचे पाणी पीत होते.

मुख्तारभाई अजूनही ऊन तापले की त्या रुग्णालयात जातात. पंप तपासतात, वायसर पाहतात. काम संपल्यावर त्याच बाकावर थोडा वेळ बसतात. नळ वाजतो, थांबतो, आणि मधल्या त्या शांततेत ते कोणाशीही बोलत नाहीत.