खांबावरचा ओमकार

गावातली लाइट गेली की बाकीच्या बायका मेणबत्ती शोधायच्या, संध्या आधी ओमकारच्या चपला शोधायची. चपला दारात असल्या तर पोरगा घरात. नसल्या तर तो कुठल्यातरी खांबाच्या वाटेवर असणार, आणि मग तिला हातातलं काम सुचायचं नाही. लाइट आली म्हणून धास्ती संपायची असंही नाही. लाइट तो उतरल्यावर आली की उतरायच्या आधी, हे तो समोर येऊन उभा राहीपर्यंत कसं कळणार?

पळसदरीच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं गाव. वीज कंपनीचा खरा लाइनमन एकच आणि त्याच्या गळ्यात अनेक गावं. तो बिचारा एकीकडे तार जोडतो तोवर दुसरीकडे फांदी पडलेली असते. म्हणून प्रत्येक गाव आपला एक पोरगा हेरून ठेवतं. पोरगा लाइनमनचंच काम करतो, पण कंपनीच्या कागदावर त्याचं नाव नसतं. अशाला सगळे झिरो वायरमन म्हणतात. ओमकार त्यांच्या गावाचा झिरो वायरमन होता.

पोरगा आयटीआय झालेला, उंच, काटकुळा, आणि नाही म्हणायला कधी शिकलाच नाही. कुणाची मोटर जळो, कुणाच्या लग्नाच्या मांडवात करंट उतरो, हाक ओमकारला. पंगतीत पहिला घास त्याने तोंडात घातला की कुणीतरी येऊन म्हणायचं, "ओम्या, जरा फेज बघ रं," आणि हा पान सोडून उठायचा. बदल्यात मिळायची एखादी गावठी कोंबडी, मधाची बाटली आणि भरपूर शाबासकी. मुलीकडचे विचारायचे, मुलगा करतो काय? संध्याचा नवरा सांगायचा, "लाइटीत आहे." त्यात खोटं काही नव्हतं, पण संध्या तेवढ्यात चहाच्या निमित्ताने आत निघून जायची.

ओमकारच्या डोळ्यांसमोर एकच गोष्ट होती. कंपनीच्या कंत्राटात नाव लागायचं. जिल्हा परिषदेला उभे राहणारे आप्पा त्याला भेटले की पाठीवर हात ठेवून म्हणायचे, "निवडणूक होऊ दे, तुझं काम झालंच समज." अशी एक निवडणूक आधीही होऊन गेली होती.

त्या वर्षी दिवाळी उलटली तरी पाऊस हटेना. कापलेलं भात शेतातच भिजून पडलं होतं, काही ठिकाणी लोंब्यांना मोड फुटले होते. दुपारी ढग यायचे, संध्याकाळी विजा कडाडायच्या आणि गाव अंधारात जायचं. संध्या कर्जतच्या कॉलेजातून बी.ए. झालेली, घरी नववी-दहावीच्या मुलांना भूगोल शिकवायची. हवामान बदलाचा धडा तिला पाठ होता. पण धड्यात बर्फ वितळायचा, समुद्र वाढायचा. अवेळी आलेल्या वादळापायी आपलंच पोर खांबावर चढतं, हे कुठे लिहिलेलं नव्हतं.

त्या दिवशी दुपारी ती दूध आणायला बुधाजींच्या दुकानावर गेली. बुधाजी खोपोलीच्या कारखान्यातून रिटायर झालेले. दुकान नावाला, खरा धंदा गप्पांचा. समोर जना पायाचा चिखल खरवडत बसला होता.

"बुधाजी, तुमच्या त्या जागतिक तापमानानं माजं भात बुडवलं," जना म्हणाला.

"माजं कशाला रं? त्या बंगलेवाल्यांचं म्हण. एकेका बंगल्यात चार-चार एसी. आपल्या गावच्या ट्रान्सफॉर्मरचा, डीपीचा सगळा लोड त्येच खातात."

"अन् तुमचा फ्रीज काय शेणावर चालतो?"

"माज्या फ्रीजात नुसतं दूध हाय, त्यांच्यात काय असतं ते तुला ठावं हाय." बुधाजींनी पिशवी संध्यापुढे सरकवली. "यंदा नवा डीपी बसवल्याबिगर मत नाय, सांगून ठेवतो."

"मागल्या टायमाला बी ह्येच बोललात. मग बिर्याणीचा वास आला."

"चिकन हाडाचं होतं, नायतर मी ऐकणार नव्हतो." बुधाजी हसले. "पन आपल्याला डीपीची काय घाई? आपला ओम्या हाय की."

जनाही हसला. संध्याने पिशवी उचलली, पण पाय निघेना.

"त्याला काही झालं तर कोण येणार आहे, जनाभाऊ?"

"शुभ बोल गं वहिनी. सगळा गाव पाठीशी हाय त्याच्या."

"पाठीशी आहे. खांबावर तो एकटाच असतो."

बुधाजींनी उगाच बिस्किटांची बरणी पुसायला घेतली.

त्याच संध्याकाळी शाळेच्या पटांगणात आप्पांची सभा होती. खुर्च्या मांडून झाल्या, माइकवाला आला, आणि वाऱ्याचा एक झपाटा येऊन गावाच्या शेवटच्या टोकाची लाइट गेली. बाकी गावात होती. शाळा, संध्याचं घर, शेजारच्या मोतीकाकींचं घर आणि पलीकडचा मुंबईवाल्यांचा बंगला, एवढंच काय ते अंधारात. संध्याच्या परसामागच्या खांबावर तारेचा जोड तुटून लोंबत होता.

आप्पांचा माणूस मोटारसायकलवरून ओमकारला घेऊन आला. ओमकारने आधी डीपीवर जाऊन फ्यूज काढले आणि कुणी परत घालू नयेत म्हणून खिशात टाकले. मग परसात येऊन आईला खिसा वाजवून दाखवला.

"हे बघ, अख्ख्या गावाची लाइट माज्या खिशात हाय. आता तरी आत जा."

"हातमोजे?"

"मोज्यांत पक्कड धरता येत नाय गं."

तो चढला. अजून उजेड होता, मागे डोंगरावर काळं भरून आलेलं. संध्या आत गेली नाही. ती केळीला धरून उभी राहिली आणि त्याच्या पायांकडे बघत राहिली. वर बघायचं धाडस तिला कधीच झालं नव्हतं.

"आली गं लाइट, संध्ये," मोतीकाकी ओटीवरून म्हणाल्या. "पोराच्या हाताला गुण हाय हो."

संध्याने मान वळवली. काकींच्या ओटीवरचा बल्ब पिवळा, मंद पेटला होता आणि थरथरत होता. क्षणभर तिला बरंच वाटलं. झालं, आता उतरेल. मग तिच्या डोक्यात लख्ख झालं. फ्यूज तर त्याच्या खिशात आहेत. मग ही लाइट आली कुठून? पलीकडे बंगल्याच्या आवारात जनरेटर धडधडत होता.

"ओमकार, हात लावू नको." तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही.

"आई, फ्यूज खिशात हाय."

"काकींचा बल्ब बघ. बल्ब बघ आधी."

त्याने खाली पाहिलं. तारेकडे गेलेली पक्कड तशीच राहिली, मग हळूहळू, एकेक इंच मागे आली. खांबाला पोटाशी धरून तो किती वेळ तसाच राहिला. मग उतरला. उतरल्यावरही त्याने आईकडे पाहिलं नाही, सरळ बंगल्याकडे गेला.

तिथला राखणदार चांगो पाहुण्यांसाठी कोंबडी साफ करत होता. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर बंगल्याच्या मालकांनीच त्याला करून दिली होती. एक टोक जनरेटरला, दुसरं भिंतीतल्या सॉकेटात खुपसलं की अख्खा बंगला चालतो. फक्त त्याआधी मेन स्विच पाडायचा, नाहीतर वीज उलटी बाहेरच्या तारांत जाते. आज पाहुणे ओरडत होते, त्या घाईत चांगो ते विसरला. कळलं तसा तो हातातलं काम टाकून उठला. "मी पोराला मारला असता," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिला. ओमकारनेच त्याला पाणी दिलं.

मग जनरेटर बंद करवून ओमकार परत चढला, आणि जोड लावून मोकळा झाला. सभा झाली. आप्पा विजेवर बोलले, पावसावर बोलले, भाताच्या नुकसानभरपाईवर बोलले. शेवटी त्यांनी ओमकारला पुढे बोलावून गावाचा वाघ म्हटलं. टाळ्या पडल्या. बुधाजींनी सगळ्यांत जोरात वाजवल्या. हार घातलेल्या ओमकारचा चेहरा खुलला होता आणि संध्याला तो चेहरा बघवेना. त्या बल्बाचा उजेड त्याच्या मनातून इतक्या लवकर विझला कसा?

व्यासपीठावरून खाली उतरताना आप्पा त्याला म्हणाले, "कोंडाणे लेण्यांच्या अंगाला, जंगलात मोठ्या लाइनीवर झाड झुकलंय. कंपनीची माणसं यायला दोन दिवस लागतील. तू सकाळी जाऊन ये. परमिटचं सबस्टेशनला मी सांगतो."

मोठी लाइन म्हणजे अकरा हजार व्होल्टची. तिचं परमिट, म्हणजे लाइन बंद केल्याची हमी, सहीशिक्क्याचं असतं, लाइनमनच्या नावाचं. झिरो वायरमनला ते तोंडी मिळतं. खालून फोन करायचा, "लाइन बंद करा" म्हणायचं, तिकडून कुणीतरी "केली, चढ" म्हणायचं.

जेवताना संध्याने विषय काढला.

"जंगलात रेंज आहे का तुझ्या फोनला?"

"पायथ्याला आहे. तिथून फोन करायचा आणि वर जायचं. सगळे तसंच करतात."

"वर गेल्यावर त्यांनी लाइन चालू केली तर तुला कळणार कसं?"

"मी सांगितल्याशिवाय कशी करतील?"

"उद्या सकाळी खालच्या गावात आप्पांची सभा आहे. लाइट नाही म्हणून त्यांच्याच माणसाने सबस्टेशनला दम दिला तर? तिथला ऑपरेटर तुझं ऐकेल की आप्पांचं?"

ओमकारने भाकरीचा तुकडा आमटीत बुडवला आणि तो ताटातच विरघळू दिला.

"आई, हे एक काम केलं की कंत्राटात नाव लावतो म्हणालेत. नाय म्हणालो तर दुसऱ्या गावाचा पोरगा जाईल. त्याचं लागेल."

"मग त्याची आई आज रात्री माझ्यासारखी बसेल."

"तुला ना, सगळीकडं मरणच दिसतं." तो उठला.

ते खरंच होतं. तिला सगळीकडे तेच दिसत होतं. नवरा टेंपो घेऊन शिळफाट्याला गेला होता. तिने त्याला फोन करून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "भीती मलाही वाटते गं. पण पोराचं नशीब आपल्या हाताने मोडू नको."

तिच्याकडे कंपनीच्या इंजिनियर साहेबांचा नंबर होता. नवीन मीटर पळतो म्हणून तक्रार केली तेव्हा घेतलेला. ओमकार खांबावर चढतो हे साहेबांना ठाऊक नसेल असं नाही. पण कुणी तोंडावर सांगत नाही तोवर त्यांना ते माहीत नसतं. एकदा त्याच्या आईनेच फोन करून सांगितलं की त्यांना कानावर हात ठेवता येणार नव्हते. मग ओमकारला पुन्हा कुठल्याच खांबाला हात लावू देणार नव्हते, आणि कंत्राटाच्या यादीवरून त्याचं नाव लागायच्या आधीच पुसलं जाणार होतं. गाव अंधारात बसलं की बोल तिलाच लागणार. आणि पोरगा? तो बोलायचाच बंद झाला तर?

सकाळी आभाळ पुन्हा दाटलं होतं. ओमकार ओटीवर बसून दोराची गुंडाळी पिशवीत भरत होता. संध्या त्याच्यासमोर येऊन बसली आणि तिने फोन हातात घेतला.

"कुणाला लावतेस?"

"साहेबांना."

त्याला लगेच कळलं. "आई, नको. माझं नाव कायमचं जाईल. आप्पा परत दारात उभं करणार नाहीत मला."

"नको करू देत."

"मी तुझ्याशी बोलणार नाही. खरंच सांगतो."

तिने साहेबांचं नाव शोधून काढलं.

"नको बोलूस," ती म्हणाली, "पण घरात राहून नको बोलूस."

आणि त्याच्या डोळ्यांदेखत तिने नंबर लावला.