गळतं छप्पर आणि सह्या केलेले कोरे चेक

ते प्रकरण इतक्या वर्षांनीही माझी पाठ सोडत नाही. तेव्हा मी शिकागोपासून दूर, एका युनिव्हर्सिटीच्या गावात पोलीस डिटेक्टिव्ह होते. दारावरचं माझं नाव वाचून कॉलेजची एक मुलगी आत आली. इथेच जन्मलेली, आईवडील नागपूरचे.

“काकू, यू आर मराठी, राइट? पैशांचं मी सांगितलं हे कळलं तर दे विल थ्रो मी आउट. माझ्या सगळ्या फ्रेंड्स तिथेच आहेत.”

‘तिथे’ म्हणजे सोरोरिटीच्या घरात. मुलींची ना-नफा संस्था. सदस्या एकमेकींना सिस्टर म्हणतात, एकत्र राहतात, वर्गणी भरतात. छपराच्या दुरुस्तीसाठी कित्येक वर्षं जादा वर्गणी घेतली जात होती. जिन्यात मात्र अजून बादली ठेवलेली.

हिशेब एक माजी सिस्टर बघायची. पन्नाशीची, मुलींची लाडकी. चेकवर तिची आणि विद्यार्थिनी-अध्यक्षेची, अशा दोन सह्या लागत. पण सुट्टीत घरी जाण्याआधी, निरोपाच्या समारंभात मेणबत्त्या लावून, अध्यक्षा कोऱ्या चेकांवर सह्या करून ते तिच्या हातात द्यायची. विश्वासाची खूण म्हणून. दरवर्षी.

माजी अध्यक्षांचे जबाब घेतले. एकीने मलाच सुनावलं, “तुम्ही तुमच्या आईकडे पावती मागता का?”

मी छप्पर दुरुस्त करणाऱ्या एका कारागिराला माळ्यावर नेलं. तो हसला. “मॅडम, याला कोणी हातसुद्धा लावलेला नाही.” कोर्टाच्या आदेशाने बँकेचे कागद मागवले. छपराचे चेक हिशेब बघणाऱ्या बाईंच्याच खात्यात जमा झाले होते.

चौकशीला येताना बाईंनी स्टेशनसाठी घरच्या कुकीज आणल्या. मी त्यांना गप्प राहण्याचे, वकील मागण्याचे हक्क वाचून दाखवले, मग एवढंच विचारलं, “छप्पर कोणी दुरुस्त केलं?” बाई आपल्या मुलींबद्दलच बोलत राहिल्या. मी माळ्याचा फोटो पुढे ठेवला. त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

“कॅसिनोत हरले,” त्या म्हणाल्या. “परत भरणारच होते.”

भरायला काही उरलं नव्हतं. छपराला पैसे नाहीत म्हणून सोरोरिटीचं घर विकावं लागलं. ते कुणामुळे गेलं, हे मुलींनी आधीच ठरवलं होतं: बाईंमुळे नव्हे, जिचं नाव तक्रारीत निघालं त्या मुलीमुळे.

पुरावा गोळा करणं मला जमत होतं. तो लोकांना नकोच असेल तर काय करायचं, हे कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

शिक्षेच्या सुनावणीला सगळ्या सिस्टर बाईंच्या मागे बसल्या. दुसऱ्या बाजूच्या बाकावर तक्रार करणारी ही एकटी. मी तिच्या शेजारी जाऊन बसले.

“काकू, त्यांच्यातल्या एकीने तरी इकडे बघितलं?”

मी उत्तर देण्याआधीच सरकारी वकिलांनी मला पुढे बोलावलं. माझी जागा त्यांच्या टेबलाशी होती. मी उठले.